लॅबमधल्या संगणकावर काय चालते?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यात घरोघरी महाविद्यालयांच्या याद्या निघतात. फी किती, वसतिगृह आहे का, गावाहून एसटी थेट जाते का, मागच्या वर्षी यादी कितीवर बंद झाली, कंपन्या येतात का, हे सगळे विचारले जाते आणि ते विचारायलाच हवे. आष्टी-पाटोद्याकडची मुले अहिल्यानगरकडे बघतात, परळी-केजची अंबाजोगाई आणि लातूरकडे, गेवराईची छत्रपती संभाजीनगरकडे. मुलाला किंवा मुलीला संगणक शाखेत घालताना एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: तिथल्या लॅबमधल्या संगणकांवर काय चालते? आणि आपल्या पोराकडे जो लॅपटॉप आहे किंवा असेल, त्यावर केलेले काम तिथे चालेल का? हा प्रश्न चार हौशी लोकांचा वाटतो. माझ्या मते तो फीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर महाविद्यालयाने प्रवेशाआधी लेखी दिले पाहिजे आणि ते द्यायला विद्यापीठाने त्याला भाग पाडले पाहिजे.

‘काय चालते’ याचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टिम कोणती. आपल्याकडे या शब्दाला विंडोज हाच प्रतिशब्द झाला आहे. दुकानदार लॅपटॉप विकतो तेव्हा ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो, बिघडला की ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकू’ म्हणतो. मॅक घेणारे बीडमध्ये थोडे, कारण त्याची किंमत. लिनक्स मात्र फुकट आहे, तरीही तो दिसत नाही. खरे तर तो सगळीकडे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. या दोन धाग्यांतून तयार झालेली प्रणाली आज इंटरनेटचा मोठा भाग चालवते. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकही यंत्र लिनक्सशिवाय चालणारे नाही. शेताच्या बांधावर उभे राहून हवामान बघायचा अँड्रॉइड फोन, त्याचा गाभाही लिनक्सचाच आहे. म्हणजे ही प्रणाली ‘कमी प्रचलित’ आहे ती फक्त आपल्या टेबलावर आणि आपल्या लॅबमध्ये.

यात बिघडते काय, हे बघायला एक साधे प्रॅक्टिकल घ्या. सी भाषा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम असतो. १ ते ८ पर्यंतचे आकडे एकमेकांना गुणले की ४०,३२० येतात. हाच प्रोग्रॅम टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर साध्या पूर्णांकात चालवला, तर उत्तर येते उणे २५,२१६. गुणाकार चुकलेला नाही. बोरलँड कंपनीचे हे साधन डॉसच्या जमान्यातले. त्यात साध्या पूर्णांकाला दोनच बाइट जागा मिळते आणि ३२,७६७ च्या पुढे गेले की आकडा उलटतो. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर हे साधन सरळ चालतही नाही. त्याच्यासाठी डॉसबॉक्स नावाचा जुन्या संगणकाचा देखावा आधी उभा करावा लागतो. तरीही कितीतरी लॅबमध्ये, गाइडांमध्ये आणि नोट्समध्ये अजून तेच आहे. लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये चार बाइटची जागा असते, तिथे ४०,३२० बरोबर येतात. पण मुलगा जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा घरच्या लिनक्सवर टाकतो आणि पहिल्याच ओळीला अडतो, कारण ‘कोनिओ’ नावाची फाइल तिथे नसते. कोनिओची ओळ, पडदा पुसायची ओळ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबायची ओळ काढली की बहुतेक वेळा काम भागते. हे सांगणारे कुणी नसले, तर तो एकच निष्कर्ष काढतो: माझ्या लॅपटॉपवर सी चालत नाही. वास्तविक त्याच्या हातातले साधन जगात आज वापरात असलेले असते आणि लॅबमधले पस्तीसेक वर्षांपूर्वीचे.

महाविद्यालयाने एखाद्या प्रणालीला ‘आधार देणे’ म्हणजे काय, हे या उदाहरणातून कळते. लॅबच्या कोपऱ्यात दोन यंत्रांवर उबुंटू लिनक्स टाकून ठेवला म्हणजे आधार झाला, असे नव्हे. मुलाने त्या प्रणालीवर केलेले प्रॅक्टिकल तपासले जाते का, सबमिशन ठरावीक कंपनीच्याच फाइलमध्ये मागतात की पीडीएफही चालते, व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक जीसीसीचे उत्तर बघून गोंधळणार नाहीत याची काळजी घेतली जाते का, आणि अडले तर विचारायला लॅबमध्ये एक तरी माणूस आहे का, या गोष्टींवरून आधार ठरतो. त्यातली शेवटची सर्वांत अवघड. तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत असतात. त्यांना नवी प्रणाली शिकायला ना वेळ मिळतो, ना त्याचे पैसे. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही.

आता पैशाचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणजे चांगली चालती, झाडूनपुसून जपलेली यंत्रे कागदोपत्री निकालात निघाली. शिक्षणसंस्थांना अल्प दरात मुदतवाढ मिळते हे खरे, पण तीही २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंतच. विनाअनुदानित महाविद्यालयाने साठ यंत्रांची लॅब नव्याने घ्यायची म्हटली तर तो खर्च शेवटी फीमध्येच उतरणार. त्याच यंत्रांवर हलका लिनक्स टाकला तर ती आणखी काही वर्षे सुरक्षित अपडेटसह चालतात. चार जीबी रॅमचे यंत्र एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारख्या हलक्या डेस्कटॉपवर प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकले नीट करून देते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह लावून, काहीही न पुसता, आधी चालवून बघायचीही सोय आहे. ज्या लॅबच्या पडद्यांवर उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे कायमची चिकटलेली असतात, तिथे प्रश्न परवान्याचाही आहे. संगणकशास्त्राचे पहिले पाऊल मुलांनी विनापरवाना वस्तूवर टाकावे, हे कुठल्याही शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

हा हिशेब बीडला जास्त लागू पडतो. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे राहिलेले मूल वसतिगृहात किंवा आजीजवळ असते. त्या घरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या अभियंत्याला नवा लॅपटॉप म्हणजे अर्ध्या हंगामाची उचल. तो सेकंडहँड लॅपटॉप घेणार, तोही जुन्या प्रोसेसरचा. महाविद्यालयाने ‘विंडोज ११ असलेलाच लॅपटॉप आणा’ असे सांगितले, तर त्याचे ओझे सर्वांत आधी या घरावर पडते. ‘कुठल्याही प्रणालीचा आणा, काम आम्ही बघू’ असे सांगितले, तर हेच मूल मागच्या बाकावरून पुढे येते. प्रणालीचा प्रश्न मला आवडीनिवडीपुरता वाटत नाही, तो याच कारणाने.

नोकरीचे काय, हा पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सरकारी भरतीत एमएस-सीआयटी मागतात, त्याचा अभ्यास विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर बेतलेला आहे. खासगी कचेऱ्यांत एक्सेल आणि टॅली हवे असते. हे नाकारण्यात अर्थ नाही आणि विंडोज शिकवूच नये असे मी म्हणतही नाही. पण चित्राची दुसरी बाजूही बघा. ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडला, न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले. खटल्यांची नोंद ठेवणारा सीआयएस हा प्रोग्रॅम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या लोकांनी मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा, साधनांवरच उभा केला. बीडचे जिल्हा न्यायालय आणि अंबाजोगाईचे न्यायालय याच प्रकल्पात येतात. ज्या गावात न्यायालयाचे काम लिनक्सवर होते, तिथल्या महाविद्यालयाने ‘लिनक्स इथे कोण वापरतो’ म्हणावे, हे पटत नाही. केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही सरकारी प्रणालींत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या आणि ते डावलले तर कारण लिहा असे सांगते. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतःच्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित ‘माया’ स्वीकारायचे ठरवले. संगणक अभियंत्याच्या नोकरीत तर सर्व्हर, क्लाउड, डेटाबेस हे सगळे प्रामुख्याने लिनक्सवर असते. पुण्यात मुलाखतीला बसलेल्या बीडच्या मुलाला काळ्या पडद्यावर एक लॉग फाइल शोधून दाखव म्हटले, तर त्याची बोटे अडखळू नयेत एवढी अपेक्षा रास्त आहे.

आपली स्वतःची पाठ्यपुस्तके या बाबतीत महाविद्यालयांच्या पुढे आहेत. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल आणि वाणिज्य शाखेला हिशेबासाठी जीएनयूखाता ही साधने आली. दोन्ही मुक्त स्रोत. जीएनयूखाता तर महाराष्ट्रातल्या माणसांनी भारतीय हिशेबपद्धतीसाठी रचलेले. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत आणि लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या बी.टेक.मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आहे आणि तो लिनक्सच्या आज्ञांशिवाय नीट शिकवता येत नाही. बीड, अंबाजोगाई, परळी इथली अभियांत्रिकी महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रमात विषय आहे, पुस्तकात साधने आहेत, मग यंत्रावर का नसावीत? लॅबमध्ये लिनक्स नसेल तर त्या आज्ञा वहीत उतरवून पाठ केल्या जातात. पोहणे वहीत लिहून येत नाही, तसेच हे.

दुसरा आक्षेप यंत्र आणि स्थापत्य शाखांकडून येतो. सॉलिडवर्क्स, स्टॅड ही साधने विंडोजवरच चालतात, ऑटोकॅडही लिनक्सवर चालत नाही आणि उद्योगात तीच वापरतात. खरे आहे. तिथे विंडोजचा परवाना घ्यावा, रीतसर घ्यावा आणि मुलांना त्यावर शिकवावे. माझी मागणी एवढीच की हे आधी सांगावे. ‘या शाखेच्या अमुक प्रॅक्टिकलला विंडोज लागेल, त्यासाठी लॅबमध्ये इतकी यंत्रे आहेत, ती सायंकाळी इतक्या वाजेपर्यंत उघडी असतात’ अशी एक ओळ मिळाली तर लिनक्स किंवा मॅक असलेला विद्यार्थी आपले गणित बसवू शकतो. आणि जिथे पर्याय आहे तिथे तो दाखवावा: मॅटलॅबच्या जागी सायलॅब, सर्किटसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिम. प्रश्नपत्रिकेत विषय विचारायचा असतो, कंपनीचे नाव नाही. ऑफिसमध्ये लिहिलेले पत्र लिब्रेऑफिसमध्येही लिहिता येते. तक्ता करायला लावून गुण द्या. मेनूत कुठले बटण कितवे आहे, याला गुण देऊ नका.

मराठी टंकलेखनाचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अनेकांना वाटते की लिनक्सवर मराठी नीट येत नाही. वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज उलट आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. लोहित देवनागरीसारखे खुले फाँट रेड हॅटने उपलब्ध करून दिले आणि या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी भारतीय भाषांसाठी बरेच काम केले. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टाइप केलेल्या मजकुराची. श्रीलिपीतले किंवा कृतिदेवमधले पत्र लिनक्सवर उघडले की अक्षरांचा चुरा दिसतो. पण तो फाँट नसलेल्या विंडोजवरही चुराच दिसतो. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर एका यंत्रात टाइप केलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर वाचता न येण्याचे दुखणे याच फाँटांमुळे आहे. उलट लिनक्सकडे वळताना महाविद्यालयाला युनिकोडकडे वळावे लागते, आणि युनिकोडमधली मराठी गूगलवर सापडते, फोनवर दिसते, पुढच्या पिढीच्या यंत्रांनाही वाचता येते.

शिकवणार कोण, दुरुस्त करणार कोण, हा तिसरा आक्षेप. याला केरळचे उत्तर आहे. तिथे आयटी ॲट स्कूल हा शाळांचा संगणक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, पुढे तो मुक्त स्रोत प्रणालीवर गेला, २०१७ मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली. काइटच्या म्हणण्याप्रमाणे तिची लिनक्स प्रणाली राज्यातल्या दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर आहे आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले. आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. त्यांनी आधी शिक्षकांतून प्रशिक्षक तयार केले, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच प्रणालीवर घेतली, आणि शाळेतल्याच मुलांना किरकोळ दुरुस्ती शिकवली. केरळ श्रीमंत, साक्षर, त्याच्याशी मराठवाड्याची तुलना कशी, असे कुणी म्हणेल. मग सांगली बघा. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट कैक वर्षे चालतो, वरच्या वर्षाची मुले खालच्यांना शिकवतात. त्यासाठी महानगर लागले नाही. आणि शिकायचे साहित्य तर मराठीत तयार आहे. आयआयटी मुंबईने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिब्रेऑफिस, सी, पायथन यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत, पैसे पडत नाहीत. एका बाजूला धडा लावायचा, थांबवायचा, दुसऱ्या बाजूला तेच करून बघायचे. इंटरनेट कमजोर असलेल्या वडवणी-शिरूरसारख्या ठिकाणी हे धडे एकदा उतरवून लॅबमध्ये ठेवले की काम झाले.

मग अडते कुठे? माझ्या मते माहितीपाशी. पालकाला विचारायचे सुचत नाही, महाविद्यालयाला सांगावेसे वाटत नाही. सीईटी कक्षाच्या यादीत संस्थेचा सांकेतिक क्रमांक, जागा, आरक्षण, सगळे असते. लॅबमधल्या प्रणालीबद्दल शब्द नसतो. खरे तर यासाठी नवा कायदा लागत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयाला ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ संकेतस्थळावर ठेवावे लागते आणि त्यात संगणकांची संख्या, जोडणी, प्रमुख सॉफ्टवेअर हे रकाने आहेतच. २०२४-२५ पासून बीसीए आणि बीबीएही एआयसीटीईच्या कक्षेत आल्याने तालुक्याच्या ठिकाणची कितीतरी महाविद्यालये यात येतात. बी.एस्सी. संगणकशास्त्राचे वर्ग मात्र यातून सुटतात, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने वेगळा आदेश काढायला हवा. डिस्क्लोजरमधले रकाने भरलेले असतात, पण बहुधा ‘पुरेसे सॉफ्टवेअर उपलब्ध’ अशा थाटात. त्यातून मुलाला काहीच कळत नाही.

तोपर्यंत पालकांनी थांबून राहायचे कारण नाही. कॅप फेरीत जागा मिळाल्यानंतर प्रत्यक्ष हजर होण्याआधी दोन-चार दिवस असतात. त्या वेळी कागदपत्रे घेऊन गेलेल्या माणसाने फी काउंटरवरून थेट लॅबकडे जावे. लॅब असिस्टंटला विचारावे: पहिल्या वर्षाच्या सीच्या प्रॅक्टिकलला कोणता कंपायलर वापरता? पोराने स्वतःचा लॅपटॉप आणला आणि त्यावर लिनक्स असेल तर प्रॅक्टिकल तपासता का? सबमिशन पीडीएफमध्ये चालते का? ज्याला शाळा सहावीत सोडावी लागली तो बापही हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेऊ शकतो, आणि उत्तर देताना समोरचा कितपत अडखळतो यावरून पुष्कळ कळते. ‘टर्बो सी’ असे उत्तर आले तर तेवढ्यावरून महाविद्यालय टाकून द्यावे, असे मी म्हणणार नाही. मुलाला दुसरीकडून काय शिकावे लागेल, एवढे त्यातून समजते.

विद्यापीठांकडून हवे ते एवढेच: पुढच्या प्रवेशाआधी दोन परिच्छेदांचे परिपत्रक. पहिल्यात, प्रत्येक संगणक प्रयोगशाळेपुढे तिथे चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव आणि आवृत्ती, परवाना, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या व न चालणाऱ्या प्रॅक्टिकलांची यादी संकेतस्थळावर टाकावी. दुसऱ्यात, प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सी किंवा सी++ चा प्रमाणित प्रोग्रॅम कुठल्याही कंपायलरवर चालवून दाखवला तर पूर्ण गुण द्यावेत, आणि बाह्य परीक्षकांना तशी लेखी सूचना जावी. म्हणजे पुढच्या वेळी फॅक्टोरियलचे उत्तर तपासताना ४०,३२० हा आकडा लिनक्सवर आला म्हणून कुणाचे गुण कापले जाणार नाहीत.